जीवखड्याचा धूर

दिघीच्या धक्क्यावर काळूराम लाँचचे दोर बांधायचा आणि सोडायचा. दिवसातून सहा वेळा. मधल्या वेळात तो माणसं फसवायचा, आणि खरं सांगायचं तर त्याचं मन त्यातच जास्त. आगरदांड्याहून नवे मास्तर आले, त्यांना याने पहिल्याच दिवशी बजावलं की या धक्क्यावर उजवा पाय आधी टाकला तर खाडीला राग येतो. मास्तर शिकलेला माणूस, हसला. पण वर्षभर डावाच पाय टाकत होता. धर्माजीआबाच्या मिटलेल्या छत्रीत याने जिवंत खेकडे भरून ठेवलेले, त्याची आठवण काढली की आबा अजून छत्री आधी झटकायचा. काळूरामची पंचेचाळिशी उलटली, मिशी पिकली, तरी बायको रंगू त्याच्या हातचं पाणी हुंगून मगच प्यायची.

अशा माणसाची एक थट्टा मात्र गावात कुणालाच ठाऊक नव्हती. आठ वर्षं झाली होती तिला. आणि ती अजून चालूच होती, हीच तर गोची होती.

त्याचं असं झालं. कोंडाजी नावाचा त्याचा दोस्त. खोड्या दोघांच्या, शिव्या दोघांना. एका पावसाळ्यात होड्या वर ओढल्यावर कोंडाजी मुंबईच्या गोदीत हमालीला गेला आणि येताना एक दगड घेऊन आला. परदेशातून आलेलं पोतं फाटलं, त्यातून पडला म्हणे. सोललेल्या नारळाएवढा. रंग लोखंडासारखा करडा, नुकत्याच घासलेल्या कोयत्यासारखी चमक, आणि हातात घेतला की खांदा खाली ओढेल एवढा जड. एका अंगाला तिकोनी टोकं फुटलेली, कुणी मुद्दाम घासून काढल्यासारखी.

आता असा दगड मिळाल्यावर ही दोघं काय करणार? त्यांनी त्याचा एक कोपरा फोडला आणि लोहाराच्या भट्टीत घातला. दगड तडतडला. जाळ हिरवा झाला. मग पांढरा धूर निघाला, जड, आळशी, जमिनीलगत सरपटणारा, आणि त्याला वास लसणाचा. लोहार भाता टाकून पळाला. कोंडाजी हसून हसून गडाबडा लोळला. "काळ्या, होळीला हा धर्माजीआबाला दावू," तो म्हणाला. "आबा म्हनतो भुताबिताला मी भीत न्हाय. उभाच करू एक त्याच्यापुढं."

दगड काळूरामच्या घरी लपवला. पण होळीच्या आधी आश्विन आला, आश्विनात वादळ आलं. होडी परत आली. कोंडाजी आला नाही.

अकरा दिवस वाट बघितली, देह लागला नाही. मग धर्माजीआबाने रीत करायची ठरवली, कारण गावात मर्तिकाचं सगळं तोच सांगायचा. पळसाच्या पानांचा माणूस करायचा, डोकं म्हणून नारळ. आणि समुद्राने अंग ठेवून घेतलं असेल तर त्याच्याच काठचा एक दगड त्या पानांच्या माणसाच्या छातीवर ठेवायचा. जाळ विझला की तोच दगड उचलायचा. तो जीवखडा. दहा दिवस मेलेला माणूस त्या खड्यात राहतो, मग खडा पाण्यात सोडायचा, की माणूस सुटला.

"काळूराम, तुझा दोस्त व्हता," आबा म्हणाला. "दगड तू आन."

काळूराम भरतीच्या रेषेवर गेला. हजार दगड पडले होते. तो थोडा वेळ उभा राहिला आणि घरी जाऊन तो करडा दगड घेऊन आला. का आणला, हे त्याला पुढेही कधी सांगता आलं नाही. थट्टा दोघांची होती, त्यातला एक चालला होता. राहिलेल्याने ती एकट्याने कुठे ठेवायची?

दुपारची वेळ, ओहोटी लागलेली. पानांचा माणूस पेटला, छातीवरचा दगड तडतडला. जाळ हिरवा झाला आणि पांढरा धूर पानांतून उतरून लोकांच्या पायांत आला. अख्खा गाव पळाला. धर्माजीआबा चिखलात तोंडावर पडला, उठला आणि सगळ्यांच्या पुढे गेला. काळूरामच्या गळ्यापर्यंत हसू आलं. तेवढ्यात त्याला वेणूबाई दिसली.

कोंडाजीची बायको पळाली नव्हती. ती दोन पावलं पुढे झाली होती. कोंडाजी भाकरीबरोबर कच्चा लसूण खायचा, तिन्ही वेळा. तो दारात यायच्या आधी वास आत यायचा. वेणूबाईने डोळे मिटून धूर छातीभर ओढून घेतला. "आले," ती म्हणाली.

काळूरामचं हसू तिथेच राहिलं. अजून तिथेच होतं, घशात, माशाच्या काट्यासारखं.

दहाव्या दिवशी कावळा पिंडाला शिवेना. लोकांनी एकेक वचन दिलं. पोरीचं लग्न करून देऊ, होडी दुरुस्त करू. काळूरामही पुढे होऊन म्हणाला, "कोंडाजी, वयनीला मी बघीन." कावळा माडावर बसून पंख साफ करत राहिला. शेवटी आबाने दर्भाचा कावळा करून शिववला. पण वेणूबाईने खडा पाण्यात सोडू दिला नाही. "त्यांना जायाचंच न्हाय," ती म्हणाली, "तर मी कशाला ढकलू?"

तेव्हापासून दर अवसेला सकाळी ती कोयत्याच्या पाठीने त्या खड्याची एक कपची काढायची. दार लावायची, निखाऱ्यावर कपची ठेवायची आणि पुढ्यात बसायची. झालं की बाहेर येऊन खडा घराच्या चुन्याच्या भिंतीवर ओढायची, खूण म्हणून. करड्या दगडाची रेघ उठायची तांबूस तपकिरी, सुकलेल्या रक्ताच्या रंगाची. आठ वर्षांत नव्वदाच्या वर रेघा झाल्या होत्या. लोक त्या गल्लीतून जायचे बंद झाले. कोंडाजी त्या दगडात आहे, त्याला कोयता लागतो आणि रक्त येतं, हे गावात पोराबाळांनाही ठाऊक होतं. नारळाएवढा होता तो लिंबाएवढा उरला होता. तो संपला की पुढे काय, असं कुणीतरी एकदा विचारलं. "मग आमी दोघं बरोबरच," वेणूबाई शांतपणे म्हणाली होती.

पोर मैना लग्न होऊन तळा गावाला गेली. आईने एकदाच तिच्याकडे जाऊन बघितलं, अवसेच्या आत परत आली.

एकोणसाठ सालच्या हिवाळ्यात सरकारी भूगर्भ खात्याचा एक माणूस दिघीला उतरला. हरेश्वर कर्णिक. ज्या मातीतून अॅल्युमिनियम काढतात ती माती शोधत श्रीवर्धनपर्यंत हिंडायचा. धक्क्याजवळ एक खोली घेऊन राहिला. काळूरामने त्याच्या ट्रंका वाहिल्या, त्यात नुसते दगड आहेत हे कळल्यावर त्याला भलताच आनंद झाला. दगड गोळा करायचा पगार घेणारा माणूस. असं सावज रोज मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी तो एक काळा, भोकाभोकाचा गोळा घेऊन गेला. "सायेब, तारा पडला व्हता माझ्या वाडीत. गरम व्हता तवा उचलला."

कर्णिकाने गोळा फिरवून बघितला. "छान आहे. तुमचा लोहार कुठे राहतो?"

काळूराम मनापासून खूश झाला. बऱ्याच वर्षांत कुणी त्याला असं पकडलं नव्हतं. मग त्याने जे केलं ते हट्टाने केलं. फोडलेल्या कोपऱ्याचा एक तुकडा भट्टीत न घातलेला, चिंधीत बांधून त्याच्या घराच्या आढ्यात खोचलेला होता. तो त्याने आणून टेबलावर ठेवला. "ह्याचं नाव सांगा बगू."

कर्णिक खुर्चीतून अर्धा उठला. "हा इथला नाही."

"कशावरनं?"

"इथे सगळा काळा पाषाण आणि जांभा. शंभर कोसांत असलं काही नाही." त्याने तुकडा तळहातावर तोलला. "बघ किती जड." मग कौलाचा खरबरीत तुकडा घेऊन त्यावर दगड ओढला. तांबूस तपकिरी रेघ.

"रगत," काळूराम म्हणाला. त्याने थट्टेत म्हटलं, पण ते थट्टेत निघालं नाही.

"रक्त कसलं? दगडाचा अंगरंग वेगळा, पुडीचा रंग वेगळा. हा ह्याचा गुण आहे. ओळखायला तोच उपयोगी." कर्णिकाने जुन्या तांब्याच्या पैशाची कड घासली. दगडाला चरा गेला नाही. चाकूने गेला. "पैशापेक्षा कठीण, चाकूपेक्षा मऊ. आणि ही तिकोनी टोकं बघ. नीट वाढला तर चार तोंडं, चारही तिकोनी. म्हणून ह्याला टेट्राहेड्राइट म्हणतात. तांबं, गंधक आणि अँटिमनी. थोडं लोखंड, जस्तही सापडतं."

"येवडे जन येकात?"

"आणि भांडतही नाहीत." साहेबाला आता चेव आला होता. "गंमत पुढेच आहे. अँटिमनीच्या जागी सोमल येऊन बसतो. जागा तीच, घर तेच, राहणारा बदलतो. अँटिमनी जास्त असेल तर ह्याला एक नाव, सोमल जास्त असेल तर दुसरं, टेनंटाइट. बाहेरून बघून सांगता येत नाही. दोघं भाऊ एकाच सदऱ्यात. बहुतेक दगडांत दोघंही थोडे थोडे असतात."

त्याने कोळशाच्या ढेकळात खळगा करून कपची ठेवली, दिव्याच्या ज्योतीवर फुंकनळी धरून जाळ तिच्यावर मारला. कपची तडतडली. ज्योतीची कड हिरवी झाली. कोळशावर पांढरं पीठ धरलं, आणि वास आला. आठ वर्षांनी, भर दुपारी, सरकारी खोलीत, कोंडाजी दारात येऊन उभा राहिल्यासारखा. काळूरामने खरोखर मागे वळून दाराकडे बघितलं.

कर्णिकाने घाईने खिडकी उघडली. "नाक लांब ठेव. हिरवं ते तांब्याचं, पांढरं अँटिमनीचं, आणि लसणाचा वास आला ना, तो सोमलाचा. थोडा बरोबर आहेच. हा धूर विष आहे, काळूराम. एकदा घेतला तर काही होणार नाही. कोणी रोज घेत राहिलं तर तळव्यांवर काळे डाग पडतात, केस जातात, खोकला लागतो, आणि मग माणूस जातो."

 वेणूबाईच्या तळहातांवर वर्षभरात मिऱ्याएवढे काळे डाग आले होते. पदराखाली वेणी राहिली नव्हती. तिचा खोकला धक्क्यापर्यंत ऐकू यायचा. गावात म्हणायचे, कोंडाजी तिला थोडी थोडी नेतोय. नेत होता खरा. पण वाट कोणी दाखवली होती?

अवस परवावर आली होती. तो तसाच तिच्या घरी गेला आणि दारातच सगळं सांगून टाकलं. गोदी, पोतं, भट्टी, होळीचा बेत, चितेवर दगड कोणी ठेवला ते.

वेणूबाई सुकट निवडत होती. तिने मान वर केली नाही. "भावोजी, मास्तर अजून डावाच पाय टाकतो काय?"

"वयनी, गळ्याशपथ खरं सांगतो."

"शपथा तर तुमी खेकड्यांच्या वेळी पन घेतलेल्या." ती खोकली, पदराने तोंड पुसलं. "मानूस मेल्यावर तरी त्याची थट्टा नको. जावा घरी, रंगू वाट बगत असंल."

ही अशी पाळी आली. उभ्या आयुष्यात काळूराम पहिल्यांदा खरं बोलला, आणि ती त्याची सगळ्यात चांगली थट्टा ठरली.

अवसेच्या सकाळी तो कर्णिकाला घेऊन गेला. दुसऱ्या कुठल्या तरी देशातला असाच दगड असाच जळताना बघितला तर ती समजेल, असा त्याचा हिशेब. कर्णिकाकडे नमुन्यांची एक लाकडी पेटी होती, कापूस घातलेले खण, प्रत्येक खणात एकेक दगड आणि आकडा. दार लावायच्या आत दोघं आत शिरले. चुलीतले निखारे ओढून ठेवले होते, शेजारी कोयता, लाल फडक्यावर तो लिंबाएवढा खडा. वरून काळवंडलेला, जिथे फोडला तिथे चकचकीत.

कर्णिकाने पेटीतला करडा तुकडा काढून शेजारी ठेवला. "बाई, हा हजारो कोसांवरच्या खाणीतला आहे. बघा, तसाच." त्याने दाराबाहेर अंगणात कपची जाळून दाखवली. हिरवी ज्योत, पांढरं पीठ, तोच वास. वेणूबाई उंबऱ्यात उभी राहून बघत होती. एकदाही तिने पापणी लववली नाही.

मग ती पेटीशी आली. बोट न लावता एकेका खणावरून नजर फिरवत गेली.

"ह्यो कुनाचा?" तिने विचारलं.

"म्हणजे?" कर्णिक म्हणाला.

"ह्यो. आत्ता जाळलात त्यो. ह्येची बायको कुठं असती?" तिची नजर पुढच्या खणावर सरकली. "आनि ह्यो? ह्यो? येवडे सगळे पेटीत घालून हिंडता, सायेब, त्यांच्या मानसांना तरी ठाऊक हाय का?"

कर्णिकाने पेटी मिटली. त्याचे हात जरा घाईत होते. काळूरामला नुसतं "मला लाँच गाठायची आहे" एवढं सांगून तो निघून गेला. पुढे त्याने ती पेटी उशाशी ठेवायची बंद केली, असं खोलीची मालकीण सांगायची.

वेणूबाई आत गेली, कपची काढली, निखाऱ्यावर ठेवली. काळूरामने आत येऊन दार लावून घेतलं आणि तिच्या शेजारी मांडी घालून बसला.

"तुमी बाहेर जावा."

"न्हाय. वचन मी दिलेलं. वयनीला बघीन म्हनालो व्हतो."

धूर उतरला. काळूरामने तो छातीभर ओढला. डोळे झोंबले, जिभेवर तांब्याच्या भांड्याची चव आली. त्याने पुन्हा ओढला. खोलीच्या कोपऱ्यात कुणीतरी हसू दाबत होतं, असं त्याला स्पष्ट ऐकू आलं. तो खोकायला लागला, तरी बसून राहिला.

"भावोजी, उठा. रंगूचं काय?"

"तुमी बसता तवर मी बसनार. दर अवसेला." त्याचं बोलणं तुटत होतं. "त्यो म्हनाला व्हता... काळ्या, आबा पळाला की मी मागनं आरडेन, आबा, धोतर राहिलं."

वेणूबाई थांबली. "काय म्हनाले?"

"धोतर राहिलं."

ती त्याच्याकडे टक लावून बघत राहिली. मग चिमट्याने कपची उचलून पाण्याच्या हंड्यात टाकली, उठून दार सताड उघडलं. धूर उंबऱ्यावरून ओघळत बाहेर गेला.

"ह्ये त्यांचंच," ती म्हणाली. "आमच्या लग्नात माझ्या काकाला असंच बोललेले. तुमाला ठाऊक असायचं कारन न्हाय, तुमी तवा ताप येऊन पडलेले." ती भिंतीला टेकून खाली बसली. "म्हंजे भट्टीचं खरं."

"खरं."

"हसले ते कसे हसले? समदं सांगा. काय गाळू नका."

काळूरामने सांगितलं. लोहार कसा पळाला, कोंडाजी कुठे लोळला, कानात वाळू कशी गेली, ती काढायला मान वाकडी करून एका पायावर कसा उड्या मारत होता. वेणूबाई ऐकत होती, भुकेल्या माणसाने जेवावं तशी. आठ वर्षं तिच्याकडे नुसता वास होता. हा अख्खा माणूस होता.

ओहोटीच्या तोंडाला दोघं धक्क्याच्या टोकाला गेली. जीवखडा तिने स्वतःच सोडला. "पुढल्या अवसेला या," परत फिरताना ती म्हणाली. "आनखी येक सांगा."

तो गेला. मग दर अवसेला जात राहिला, सकाळची दुसरी लाँच सोडली की. रंगूही कधी सोबत यायची, शेंगा सोलत ऐकायची. वेणूबाईचा खोकला होळीपर्यंत उतरला, पावसाळ्यानंतर वेणी घालण्याइतके केस आले. ती तळ्याला जाऊन पोरीकडे पंधरा दिवस राहून आली. गावाने गल्ली पुन्हा वापरायला घेतली. काळूरामच्या घशातलं ते हसूही कधीतरी गिळलं गेलं.

पण खऱ्या गोष्टी किती पुरणार? दोन वर्षांत कोंडाजी संपत आला. मग काळूरामने आपला जुना धंदा काढला. बनवायला लागला.

त्या अवसेला त्याने पालीच्या जत्रेची गोष्ट केली. धक्क्यापासून तिच्या घरापर्यंत येता येता रचलेली. कोंडाजी आणि तो दोघं पालीला गेले, कोंडाजीने हलवायाला आपण सरकारी माणूस आहोत असं भासवलं, अर्धा शेर पेढे तपासणीसाठी म्हणून खाल्ले. दोघं मिळून पालीला कधीच गेले नव्हते. काळूराम तर आयुष्यात गेला नव्हता.

वेणूबाई हसली. "व्हय," ती म्हणाली. "तवाच त्यांचा अंगठा ठेचला. देवळाच्या पायरीवर. घरी आल्यावर मी हळद भरली, तर म्हनाले, हळू गो, पेढे वर येतील."

काळूराम थांबला. फसवणारा चेहरा कसा असतो हे त्याच्याएवढं दिघीत कुणाला ठाऊक नव्हतं. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. तिथे तसलं काही नव्हतं.

"डावा अंगठा," त्याच्या तोंडून निघालं.

"डावाच. पुढं काय झालं?"

बाहेर कुणीतरी होडीच्या फळ्यांवर खिळे ठोकत होतं. काळूरामने पुढचं रचायला तोंड उघडलं, आणि त्याच्या ध्यानात आलं की रचायचं काही उरलेलं नाही. हलवायाच्या दुकानाची हिरवी दारं त्याला दिसत होती. कोंडाजी लंगडत पायऱ्या उतरत होता, मागे वळून त्याला हाक मारत होता, आणि पुढे काय झालं ते सगळं त्याला आठवत होतं.